तीन लाखांची कॉन्टेसा : सोलापुरातलं एक प्रकरण

गाडी : हिंदुस्थान कॉन्टेसा क्लासिक, १९९४, पेट्रोल, १८०० सीसी. नोंदणी एमएच-१३. हाताशी पैसे तीन लाख, आणि त्यात रंगापासून आरटीओपर्यंत सगळं बसवायचं.

गाडी मालकाच्या काकांनी नवी घेतलेली. काका सुताचे व्यापारी. ते थकल्यावर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात एका शेडमध्ये ती उभी राहिली आणि कित्येक वर्षं हललीच नाही. काका गेले, गाडी पुतण्याकडे आली. तेव्हा चारही टायर जमिनीला बसलेले होते, डॅशबोर्डला उन्हाने चिरा पडल्या होत्या, वायरिंग उंदरांनी कुरतडलं होतं. पुतण्या तिशीतला, कारखाना तोच सांभाळतो. मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवत आलो म्हणून तो मला सर म्हणतो. पैसा कुठे घालायचा हे ठरवायचं काम त्याने माझ्यावर सोपवलं. प्रत्यक्ष काम केलं चाचांनी. अँबॅसडर आणि कॉन्टेसावर आयुष्य घालवलेले मिस्त्री आता सोलापुरात मोजकेच उरलेत, त्यांतले ते एक.

मालकाला हवी होती मसल कार. त्याची यादी अशी : मोठं इंजिन, खाली बसवलेली गाडी, रुंद अलॉय चाकं, दणदणीत सायलेन्सर. ही हौस मला मनापासून पटते. अमेरिकेत १९६४च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून ही जात रुजली तीच मुळी परवडणारी गाडी म्हणून. मधल्या आकाराची साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवायचं. तरुणांना पगारात घेता येईल अशी वेगवान गाडी, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे तसलं काही बनलं नाही. कॉन्टेसाला लोक भारतीय मसल कार म्हणतात ते तिच्या लांब बॉनेटमुळे आणि रुंद, ताठ बसकणीमुळे. सांगाडा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, १९७०च्या दशकातला. हिंदुस्थान मोटर्सने १९८४पासून तो उत्तरपाड्यात काढायला घेतला. सुरुवातीला आत १४८९ सीसीचं अँबॅसडरचंच इंजिन होतं, जेमतेम ५० हॉर्सपॉवरचं. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर आले, ताकद सुमारे ८८ हॉर्सपॉवर झाली. आपली गाडी या दुसऱ्या जातीची, आणि हे आपलं मोठं नशीब. हेच इंजिन अँबॅसडर १८०० आयएसझेडमध्येही होतं, त्यामुळे त्याचे पार्ट अजून फिरून मिळतात.

इंजिन बदलायचा विचार का सोडला

मालकाने एका ओळखीच्याकडून मोठ्या एसयूव्हीचं डिझेल इंजिन बघून ठेवलं होतं. "सर, स्वस्तात मिळतंय. टाकून देऊ की."

इंजिन स्वस्तात मिळतं हे खरं, पण ते बसवणं स्वस्त नसतं. माउंटिंग नवी करा, पुढचा क्रॉस मेंबर कापा, गिअरबॉक्स बदला, प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून बॅलन्सिंग करा, मोठा रेडिएटर, नवं वायरिंग. दोन लाख तिथेच संपतात, आणि ब्रेक तसेच जुने राहतात. कायद्याची बाजू त्याहून अवघड. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना स्पष्ट सांगितलं, की उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी ठरेल अशी गाडी करता येत नाही. त्याच जातीचं इंजिन बदलता येतं, पण आधी परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद लागते. पेट्रोल गाडीत दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन टाकलं की नोंदणीचं नूतनीकरण अडतं, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. काकांची आठवण म्हणून जपायची गाडी बेकायदा करून ठेवण्यात काय अर्थ, एवढंच मी विचारलं. मालक दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला, "बरं, मग तुम्ही सांगा."

मी सांगितलं : उघडण्याआधी मोजू. कमी पैशांच्या कामात बचत स्वस्त पार्ट आणून होत नाही. जे काढायची गरज नाही ते न काढण्यानेच ती होते.

मोजमाप

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, तसंच मुरू दिलं आणि इंजिन आधी हाताने फिरवलं. जाम नव्हतं. मग नवी बॅटरी लावून, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून कॉम्प्रेशन घेतलं. चारपैकी तीन सिलिंडरमध्ये दाब १४०च्या आसपास पीएसआय, तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये मात्र ९५. चाचा म्हणाले, "बोअर करना पडेगा, रिंगा गई." हा अंदाज कुठलाही मिस्त्री करेल. पण त्याच सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून परत मोजलं तर आकडा हलला नाही. पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या असत्या तर तेलाने फट बुजून दाब वाढला असता. वाढला नाही, म्हणजे गळती वरून, व्हॉल्व्हमधून. चाचांनी गेज दोनदा बघितला आणि लगेच मान्य केलं. खरा कारागीर आकड्यापुढे हट्ट धरत नाही.

या एका चमचा तेलाने आमचे निदान पन्नास हजार वाचवले. ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य ठोकळा, खाली काढायचा नाही, फक्त वरचं हेड उतरवायचं. हेड उतरवल्यावर दिसलं की तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळला होता. तो बदलला, सगळ्या सीट कापून व्हॉल्व्ह त्यांवर घासून बसवले, ऑइल सील नवे, हेडचं फेसिंग अगदी नावापुरतं. कॅमशाफ्टच्या लोबची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांची, उंची मायक्रोमीटरने मोजून घेतली. ते मोजणारा माणूस मिळवायला सोलापुरात वणवण करावी लागत नाही. जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स याच गावातली. लोबमधल्या शतांश मिलिमीटरची किंमत कळणारे हात इथे तयार झालेत. आमच्या लोबची झीज चालण्यासारखी होती. कॅम तसाच ठेवला.

पत्रा

कॉन्टेसाला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दरवाजाखालची सिल गंजली की गाडीचा कणाच गेला. जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिनचा आवाज ऐकण्याआधी पॅन्टचे गुडघे मळवून खाली बघावं, असं मी प्रत्येक मुलाला सांगत आलोय.

इथे सोलापूरच्या हवेने साथ दिली. कमी पावसाचा प्रदेश, खारं वारं नाही. मुंबईत इतकी वर्षं उभी राहिलेली गाडी हाताने उकलली असती. आमचा फ्लोअर जवळजवळ शाबूत निघाला. नुकसान होतं ते पाणी साचणाऱ्या जागी : डिकीतला स्टेपनीचा खड्डा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, आणि डाव्या सिलचा मागचा हात-दीड हात भाग. तिथे कुणीतरी पूर्वी लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारून ठेवला होता. चुंबक लावला तर चिकटेना. खरवडल्यावर बोटभर जाडीची पुट्टी निघाली, आत पत्राच नाही.

टिंकरकाम अण्णांकडे दिलं. अशोक चौकाच्या बाजूला त्यांचं काम चालतं. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, चाचांशी हिंदी. त्यांच्याशी माझी एकच अट होती : गॅसच्या ज्योतीचं वेल्डिंग नको, सीओटूच, म्हणजे विजेचं, आच कमी पसरवणारं. एक मिलिमीटरच्या आतल्या पत्र्याला गॅसची आच लागली की तो लांबपर्यंत वाकतो आणि मग सरळ करायला परत लांबी लागते. सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवा पाइप टाचून घेतला, नाहीतर कापल्यावर बॉडी बसते आणि दरवाजा परत कधीच नीट लागत नाही. नवीन तुकडा आतून-बाहेरून रेड ऑक्साइड मारून बसवला, पोकळीत मेणाचा फवारा दिला. रंग मूळचाच ठेवला. आरसीवर लिहिलेला रंग तोच राहिला की एक अर्ज वाचतो. पत्रा आणि रंग मिळून एक लाख पाच हजार गेले. एकूण खर्चाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. मालकाला हा आकडा जड गेला. माझ्या मते तीन लाखांतले सगळ्यात योग्य जागी गेलेले पैसे हेच.

ब्रेक, बुश, चाकं

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पिऊन बसतं. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर आतून गंजले होते, मास्टर सिलिंडरचे रबर कप फुगले होते. दुरुस्तीच्या किटवर भागवायचा मोह मी मोडून काढला. मास्टर, व्हील सिलिंडर, होज, सगळी बंडी पाइप (ब्रेक ऑइलच्या बारीक धातूच्या नळ्या), सगळं नवं. नव्वदच्या वेगाला थांबता येत नसेल तर हॉर्सपॉवरची चर्चा करू नये.

सस्पेन्शनची रबरं उन्हाने दगड झाली होती. मूळ बुश, म्हणजे सांध्यांत बसणारी ही रबरी नळकांडी, मिळेनात. हिंदुस्थान मोटर्सचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४पासून बंद आहे. तिथे गावातल्या लेथवाल्यांचा उपयोग झाला. सोलापुरात यंत्रमागांमुळे लहानमोठी लेथ दुकानं भरपूर. मागाचे बुश, गिअर, रोलर करून देण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना लोअर आर्मचा बुश म्हणजे अवघड काम नव्हे. जुन्या स्लीव्हचं माप देऊन पॉलियुरेथेनच्या रॉडमधून करून घेतले. मटेरियल मऊ जातीचं निवडलं, कडकपणाच्या शोअर मापावर ८०च्या आसपास. त्याहून कडक घेतलं तर वळणावर गाडी छान बसते, पण रस्त्याचा प्रत्येक खडा पाठीला कळतो. बसवताना सिलिकॉन ग्रीस लावायचं, नाहीतर चिमणीसारखी चिवचिव सुरू होते.

गाडी खाली करण्याबद्दल मालक अडून बसला होता. कॉइल स्प्रिंगचा एक वेढा कापला की झालं, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. कापलेली स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, ती कडकही होते. मूळ शॉक अॅब्सॉर्बर त्या कडक स्प्रिंगला आवरू शकत नाही, आणि चाकाला वर यायला जागाच उरत नाही. शिवाय आपल्याकडचे गतिरोधक! विजापूर रोडवरून जुळे सोलापुरात शिरेपर्यंत सायलेन्सर घासून गेला असता. उंची मूळचीच ठेवली, गॅसचे शॉक घातले. गाडीचा झोल गेला, तेवढ्यानेच ती रुबाबदार दिसायला लागली.

चाकांचा हिशेब मात्र मालकाला समजावून सांगितला, कारण तो पुढे उपयोगी पडेल. टायर रुंद करताना बाहेरचा व्यास बदलू द्यायचा नाही. १८५/७० आर १४ या टायरची भिंत १८५च्या ७० टक्के, म्हणजे १२९.५ मिलिमीटर. ती दोनदा, अधिक रिम ३५५.६. बेरीज ६१५च्या जवळ. १९५/६० आर १५चीही बेरीज ६१५ येते. म्हणजे पुढे कधी पंधराची रिम घेतली तरी स्पीडोमीटर खोटं बोलणार नाही आणि टायर मडगार्डला लागणार नाही. आत्ता चौदाच्याच लोखंडी रिम सरळ करून, पावडर कोटिंग करून घेतल्या. ब्रेक, बुश, शॉक, टायर धरून बासष्ट हजार.

गरम होणारी गाडी आणि इथलं पाणी

काकांच्या काळातही ही गाडी उन्हाळ्यात तापायची, हे घरातले सगळे सांगत. कोण्या मिस्त्रीने त्यावर उपाय म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून टाकला होता. हा आपल्याकडचा फार जुना उपाय आणि फार जुनी चूक. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन हिवाळ्यात कधी नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं, सिलिंडर झिजतो. आणि ज्या कारणाने गाडी तापते ते कारण तसंच राहतं.

खरं कारण रेडिएटर उघडल्यावर दिसलं. नळ्यांत पांढरा खडू. शहराला नळाचं पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी बोअरवेल. आणि बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलेलं. त्यातले क्षार गरम जागी बसतात, म्हणजे नेमके हेडच्या आणि सिलिंडरच्या भोवती. ब्लॉक सायट्रिक अॅसिडच्या पातळ द्रावणाने धुतला, नंतर साध्या पाण्याने भरपूर. रेडिएटर तांब्या-पितळेचा, म्हणून टाकून न देता त्याला नवीन कोअर घातला. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट परत बसवला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्म. सोलापुरात जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे : बोअरचं पाणी रेडिएटरला दाखवूसुद्धा नका.

इंधनाचा प्रश्न नवा आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, म्हणजे ते इथेनॉल बनतं ते आपल्याच भागात. उसाला भाव मिळतो याचं मला समाधानच आहे. पण १९९४ची रबरी नळी त्यासाठी बनलेली नव्हती. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, टाकीतला गाळ सोडवून फिल्टरला आणतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून टाकी उतरवून आतून साफ केली, सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं पॅकिंग बदललं. दुसरी गोष्ट मिश्रणाची. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. गाडी झटके देते, व्हॉल्व्ह जास्त तापतात. मेन जेट थोडा मोठा घेतला आणि प्लगचा रंग बघून पक्का केला. पांढरट राखाडी नको, फिकट तपकिरी हवा. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं, सकाळी एका सेल्फमध्ये गाडी सुरू होते. हेड, कूलिंग आणि इंधन यांचे मिळून अठ्ठावन्न हजार.

वायरिंग आणि सीट

मालकाला एलईडी हेडलाइट हवे होते. आधी जुन्याच बल्बच्या टोकाशी व्होल्टेज मोजलं, बॅटरीपेक्षा दीड व्होल्ट कमी. साठ वॅटचे दोन बल्ब म्हणजे दहा अँपिअर, आणि तो सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या तीस वर्षांच्या स्विचमधून. दोन रिले (मोठा प्रवाह स्वतःवर घेणारे वेगळे स्विच) आणि जाड वायर टाकली, फ्यूज वेगळे केले. तेच बल्ब आता पूर्ण प्रकाश देतात आणि समोरच्याच्या डोळ्यात जात नाहीत. कुरतडलेलं हार्नेस नव्याने बांधलं, अठरा हजार.

सीटची कल्पना मालकाची स्वतःची, आणि मला ती फार आवडली. रेक्झिनवर मे महिन्यात बसवत नाही. त्याने ओळखीच्या मागावरून जाड सुती जॅकार्ड विणून घेतलं. नक्षी सोलापुरी चादरीची, रंग गडद निळा आणि राखाडी. मधला भाग त्याचा, कडा रेक्झिनच्या. आतलं सगळं मिळून बावीस हजार. या गाडीतला हा एकच बदल असा आहे जो दुसऱ्या कुठल्या गावात झाला नसता.

सायलेन्सर नवा केला पण आवाजाचा नाही. मागच्या मफलरचा पाइप किंचित मोठा, वाकण्या कमी. उघडा पाइप लावून ताकद वाढते हा समज आहे. वाढतो तो आवाज, आणि दंड.

कागद

गाडी काकांच्या नावावर. नोंदणीवरचा मालक मृत झाल्यावर वारसाच्या नावे करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती. नोंदणीची मुदत २०२४मध्ये संपलेली. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाची फी १० हजार झाली आहे, आणि उशीर झाला तर खासगी कारला महिन्याला ५०० रुपये वेगळे. पर्यावरण कर आणखी निराळा. विंटेज नोंदणीचा मार्ग इथे नाही, त्याला गाडी पन्नास वर्षांची लागते आणि सगळ्यात जुनी कॉन्टेसासुद्धा अजून तेवढी नाही. तपासणीत चासी नंबरवरचा रंग साफ करून ठसा घेतला गेला, ब्रेक आणि दिवे बघितले गेले. गाडी पास झाली. या सगळ्याला वीस हजारांच्या आसपास लागले. पत्र्याला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन थकबाकी किती हे काढून घेतलं होतं, म्हणून शेवटी धक्का बसला नाही.

एकूण दोन लाख पंच्याऐंशी हजार.

चाचणीसाठी मुद्दाम एप्रिलच्या अखेरीची दुपार निवडली. चौघेजण बसून तुळजापूर. सपाट रस्त्यावर गाडी ऐंशीला आरामात, पाचव्या गिअरमध्ये. बालाघाटाच्या चढाला तिसऱ्यात घेतली. काटा मध्याच्या थोडा वर गेला, तिथेच राहिला आणि वर पोचल्यावर खाली आला. काकूंना आम्ही सोबत घेतलं होतं. काकांच्या वेळी याच चढावर दर खेपेला बॉनेट उघडून थांबावं लागायचं, असं त्या म्हणाल्या. परत येताना मालकाने रिकाम्या रस्त्यावर एकदा जोरात ब्रेक दाबून बघितला. गाडी सरळ रेषेत थांबली.

ताकद मात्र तीच, ८८ हॉर्सपॉवरची. आजची साधी हॅचबॅकही सिग्नलवरून तिच्यापुढे निघून जाते, आणि मालकाच्या मनात ते अजून सलतं. मला त्याचं वाईट वाटत नाही, कारण आता ताकद वाढवायला पाया तयार आहे. उरलेल्या पंधरा हजारांत त्याने लातूरकडच्या एका भंगारवाल्याकडून आयएसझेडचं पूर्ण इंजिन आणलंय. ते गाडीत जाणार नाही. त्याचं हेड चाचांच्या गॅरेजमध्ये टेबलावर आहे. पोर्ट घासून मोकळे करायचे, इनलेट आणि पॅकिंगच्या कडा जुळवायच्या, कॉम्प्रेशन जरा वाढवायचं, आणि सगळं जमलं की दिवाळीनंतर आमच्या ब्लॉकवर चढवायचं. मागच्या डिफरन्शिअलचा साठच्या वेगाला येणारा घोंगावणारा आवाज आणि मागच्या काचेचं रबर एवढं त्याआधी मिटवायचं आहे. रबर कोलकात्यात एकाकडे असल्याचं कळलंय.